नलूताईला उठवायचं काम

तेल कडकडीत झालं होतं. त्यात लसणाच्या पाकळ्या टाकल्या, त्या काळ्या पडेपर्यंत थांबले, वाटी फडक्यात धरली आणि कारखान्यात आले. नलूताई भिंतीला टेकून बसली होती. डावा पाय लांब केलेला, साडी गुडघ्यापर्यंत वर घेतलेली.

“जोर लावून चोळ गो चंदा,” ती म्हणाली. “पोटरीत गोळा आलाय. परवापासनं सुटतच नाय.”

मी तिचा पाय मांडीवर घेतला. पाय गरम लागला. ताप आलेल्या लेकराचं कपाळ लागतं तसा. पोटरी टणक झालेली, कातडी ताणून चकाकत होती. पण वैशाखाचे दिवस आणि डोक्यावर पत्रा. कारखान्यात तेव्हा लोखंडी फळीपण गरम लागते. मी मनात म्हटलं, उन्हाचं असेल. आणि तेल सोसेल इतपत निवलंय बघून वाटीत बोटं बुडवली.

“ओ बाय! हात लावू नको!”

दारात इक्बालभाई उभा होता. आमच्या मूर्ती बंदरापर्यंत नेणारा टेम्पोवाला. एरवी तो दारातूनच विनोद करत येतो. त्या दिवशी चपला न काढता सरळ आत आला आणि माझ्या हातातली वाटी काढून घेतली. गरम तेल त्याच्या अंगठ्यावर सांडलं, तरी त्याने वाटी सोडली नाही.

पुढचं सांगण्याआधी आमचं काम काय असतं ते सांगते, नाहीतर हे दुखणं कुठून आलं ते कळायचं नाही.

मी जिंतूरकडची. शाळा सातवीत सुटली. नवऱ्याला खांब गावाजवळ हायवेच्या कामावर रोजगार मिळाला म्हणून त्याच्याबरोबर कोकणात आले. काम पुढं सरकलं तसा ठेकेदार माणसं घेऊन पुढं गेला. बायकांची सोय नव्हती. मी पेणमध्ये एका ओळखीच्या खोलीवर उरले आणि काम शोधत जोह्याला आले. जोहे म्हणजे गणपतीचं गाव. इथं घरामागं, शेताच्या कडेला, जिथं बघावं तिथं पत्र्याची शेड, आणि त्यालाच सगळे कारखाना म्हणतात. काशिनाथदादांच्या कारखान्यात मला गन धुवायला ठेवलं. गन म्हणजे रंग मारायची पिचकारी, हवेच्या दाबावर चालते.

पहिल्या दिवशी दुपारी मी एकटीच कोपऱ्यात भाकरी सोडून बसले होते. माझी बोली ऐकून बाकीच्या बायका हसायच्या, म्हणून मी गप्पच. नलूताई आपला डबा घेऊन माझ्यासमोर येऊन बसली. “तुझी ती शेंगदाण्याची चटणी दे इकडं. माझी सुकट घे. खात नसशील तर सांग, मीच खाईन दोन्ही.” एवढंच. पण घरापासून इतक्या लांब आलेल्या माणसाला एवढं पुष्कळ होतं. पुढं तिनेच दादांना सांगून मला गनवरून काढलं आणि आपल्या हाताखाली घेतलं. राहायला तिच्या घराची पडवी दिली. तिचा नवरा वारलेला, मुलगी रोह्याला दिलेली. आम्ही दोघीच.

नलूताई आखणी करते. मूर्तीला अंगाचा रंग मारणं, दागिन्यांना सोनेरी लावणं, ही कामं शिकवून कुणालाही येतात. आखणी तशी येत नाही. आखणी म्हणजे डोळे, भुवया, कपाळावरचं गंध, सगळ्या बारीक रेघा. डोळे शेवटी काढतात. तोवर मूर्ती नुसती वस्तू असते, ती आम्ही कशीही उचलतो. डोळे काढले की बायका पदर सावरून तिच्यासमोरून जातात. श्वास धरून एका झटक्यात रेघ मारायची असते. पुसायची सोय नाही.

त्यामुळे आखणीवाल्या माणसाला कारखान्यात वेगळा मान. नलूताई बुटक्या पाटावर बसायची. डावा पाय अंगाखाली दुमडलेला, उजवा गुडघा वर, त्यावर मनगट टेकलेलं. मनगट असं टेकलं की हात हलत नाही. पंखा बंद, कारण वाऱ्याने कुंचल्याच्या टोकावरचा रंग सुकतो. एक फळी पूर्ण होईपर्यंत ती उठायची नाही. फळी म्हणजे मांडणीवरची एक अख्खी रांग. का नाही उठायची, तर तिचं म्हणणं असं, “मधेच उठलं की हात बदलतो. एका फळीचे गणपती सख्ख्या भावांसारखे दिसले पाहिजेत. उठून आलं की पुढचे चुलतभाऊ होतात.”

आणि माझं काम काय? तिला उठायला लागू नये. मूर्ती फळीवरून उचलायची, तिच्या हाताशी ठेवायची, डोळे झाले की अलगद काढून घ्यायची, दुसरी ठेवायची. रंगाची वाटी हाताशी. चहा हाताशी. चष्मा पुसून हाताशी. दादा कौतुकाने म्हणायचे, “चंदा आल्यापासनं नलूताय देवळातल्या देवीसारखी बसून असते. जागची हलत नाय.” मला फार बरं वाटायचं ऐकून.

पाणी मात्र ती मागायची नाही, आणि मी द्यायची नाही. आम्ही कुणीच बायका फारसं पाणी प्यायचो नाही. संडास शेडच्या मागे, भातखाचराच्या पलीकडच्या बांधावर. जायचं म्हणजे ढेकळं तुडवत जायचं, आणि रस्त्यावरून सगळं दिसतं. त्यापेक्षा तहान मारलेली बरी, असा हिशोब.

त्या वर्षी शिमग्याच्या आधी नलूताईचं पिशवीचं ऑपरेशन झालं, रोह्याला. गर्भाशय काढलं. मुलीच्या घरी राहिली. जावई एमआयडीसीत शिफ्टला, मुलगी घरात. मुलीने आईला जमिनीला पाय लावू दिला नाही. ताट खाटेवर, पाणी खाटेवर. हॉस्पिटलातली सिस्टर म्हणाली होती, रोज थोडं चालायचं. मुलगी म्हणाली, सिस्टरचं काय जातं बोलायला, टाके काय तिला पडलेत? झालं. नलूताई खाटेवर.

मग परदेशी जाणाऱ्या मूर्तींचा कंटेनर ठरला. परदेशी जाणारे गणपती बोटीने जातात, म्हणून ते उन्हाळ्यातच निघतात. दादांनी रोह्याला फोन केला तो तब्येत विचारायला, हे मी शेजारीच होते म्हणून सांगते. कामाचं त्यांनी काढलं नव्हतं. नलूताईनेच विचारलं, “डोळे कोण काढतंय?” “बघू कुणीतरी,” दादा म्हणाले. दुसऱ्या दिवशी ती रोह्याहून पेणला, पेणहून एसटीने जोह्याला हजर. खाटेवरून उठली ती पाटावर बसली.

तर ही हकीकत. आता परत त्या दुपारकडे येते.

इक्बालभाई वाटी खिडकीत ठेवून नलूताईच्या पायाशी उकिडवा बसला. हात लावला नाही. नुसतं बघितलं.

“दुसरा पाय दाखव, नलूताय.”

“दुसऱ्याला काय धाड भरलीय? दुखतो हा.”

“दाखव तर.”

तिने उजवा पाय लांब केला. तेव्हा आम्हाला दिसलं. उजवा पाय रोजचा. डावा घोट्यापासून वर जाड, लालसर. दोन पाय दोन बायकांचे असावेत तसे.

“पडलीस कुठं? मुरगळला?”

“नाय.”

“मग हे चोळायचं नाय. ह्यात रक्ताची गुठळी आसंल.”

“तू कधी डॉक्टर झालास रे? कालपर्यंत टेम्पो चालवत होतास.”

“डॉक्टर नाय गो. पेशंट झालो होतो.”

मग त्याने सांगितलं. बरीच वर्षं तो सौदीत ट्रेलर चालवायचा. दिवसदिवस सीटवर बसून. एकदा सुट्टीला घरी यायला निघाला, आधी ट्रेलर, मग विमान, आणि शेजारचा माणूस झोपला म्हणून तो अख्ख्या प्रवासात उठला नाही. रोह्याजवळच्या त्याच्या गावी पोचला तेव्हा एक पाय सुजलेला. आईने तेल लावून चांगला रगडला. दुसऱ्या दिवशी अंगणात उभ्याउभ्या त्याचा श्वास कोंडला आणि तो खाली पडला. नशिबाने शेजाऱ्याची रिक्षा दारात होती.

“डॉक्टर बोलला, पायातली गुठळी सुटून छातीत गेली. माझी अम्मी अजून रडते ते आठवून. प्रेमानं मारत होती मला.”

माझ्या बोटांना अजून तेल होतं. मी ते पदराला पुसलं. पुसून झालं तरी पुसतच राहिले.

दादा आले. आवाज ऐकून आले असावेत. त्यांना सगळं सांगितलं. त्यांचं तोंड उतरलं, पण नजर एकदा फळ्यांकडे गेली. डोळे नसलेले गणपती रांगेने उभे होते. मी त्यांना दोष देत नाही. त्यांच्या जागी कुणाचीही गेली असती.

“उद्या सकाळी पहिल्यांदा डॉक्टरकडे नेतो,” ते म्हणाले. “आज तिने पाय वर करून पडू दे. इक्बाल, तू तयार झालेला माल भरून घे तोवर.”

“आज माझी गाडी माल भरणार नाय, दादा.”

“म्हणजे?”

“नलूताय बसणार हाय गाडीत. जागा नाय.”

दादांनी किल्लीसाठी खिसे चाचपले. “तुझ्या टेम्पोत धक्के खाऊन जायची तिला काय गरज? माझी गाडी काढतो.” पण ती गाडी त्यांचा मुलगा अलिबागला घेऊन गेला होता, हे त्यांनाच बाहेर गेल्यावर आठवलं. शेवटी टेम्पोच. तिला चालू द्यायचं नाही म्हणून आम्ही प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून उचललं. नलूताई वजनदार बाई. उचलताना ओरडली, “विसर्जनाला नेताय काय रे मला?” बायका हसल्या. मी नाही हसू शकले.

केबिनमध्ये ती मध्ये, मी कडेला. जोह्याहून पेण काही लांब नाही. पण त्या रस्त्यात मला एक गोष्ट लक्षात आली. बोलताना ती मधेच थांबत होती. दोन शब्द, मग श्वास. पुन्हा दोन शब्द. मला आठवलं, आदल्या दिवशी काम सुरू करायच्या आधी माळ्यावर ब्रश आणायला गेली तेव्हाही तिसऱ्या-चौथ्या पायरीवर उभी राहिली होती. रंगाच्या वासाने होतं, असं म्हणाली होती.

“ताई, तुला दम लागतोय का?”

तिने माझ्याकडे वळून बघितलं. मग अगदी हळू, इक्बालभाईला ऐकू जाऊ नये असं म्हणाली, “डॉक्टरला हे सांगायचं नाय. पायाचं सांग. दमाचं काढलंस की मला मुंबईला पाठवतील. डोळे राहिलेत सगळे. सांगितलंस तर मी तुझ्याशी बोलणार नाय, चंदा. शपथ.”

इथं माझं कोण आहे? नवरा महिन्यातून एकदा येतो. हिने मला घास दिला, छप्पर दिलं, हातात काम दिलं. हिने बोलणं टाकलं तर मी कुठं जाऊ? टेम्पो चालत होता आणि मी तेवढाच विचार करत होते. तिच्या छातीचा नाही, माझ्या पडवीचा. माणसाचं मन असं असतं.

पेणला इक्बालभाईच्या माहितीच्या एक डॉक्टर मॅडम होत्या. बाहेर नंबर लावून पेशंट बसले होते, पण त्याने कंपाउंडरला दोन शब्द सांगितले आणि आम्हाला लगेच आत घेतलं. मॅडम वयाने लहान, बोलायला शांत.

“काय झालं, मावशी?”

“काय नाय हो, पाय. लवकर गोळी द्या. माझे डोळे राहिलेत.”

“डोळ्यांना काय झालं?”

“माझ्या नाय. गणपतीच्या.”

मॅडम हसल्या. पण हसता हसताच त्यांनी दोन्ही पाय बघितले, आणि मग हसणं बंद झालं. ड्रॉवरमधून शिंप्याचा असतो तसा टेप काढला. एक पोटरी मोजली, दुसरी मोजली. डाव्याचा घेर चांगलाच जास्त भरला. मग प्रश्न सुरू झाले. मार लागला होता का? ताप? इतक्यात कुठलं ऑपरेशन? ऑपरेशनचं ऐकल्यावर त्यांनी मान हलवली. त्यानंतर किती चालत होतात? काम बसून आहे का? पाणी किती पिता? नलूताई सगळ्याला सरळ उत्तरं देत होती. मग मॅडमनी विचारलं,

“दम लागतो का? छातीत दुखतं? खोल श्वास घेताना?”

“छे. मुळीच नाय.”

खोलीत पंखा फिरत होता. नलूताई समोर बघत होती, माझ्याकडे नाही. मोठ्या माणसांसमोर, शिकलेल्या माणसांसमोर मला बोलता येत नाही. बँकेत गेले तरी माझं नाव मी दोनदा सांगते.

“लागतो,” मी म्हटलं.

माझा आवाज मलाच मोठा वाटला. “लागतो, मॅडम. काल जिन्यात लागला. आत्ता गाडीत पण लागला. बोलताना थांबते ती. सांगू नको म्हणाली मला.”

नलूताईने डोळे मिटून घेतले. मॅडमनी तिचा हात पुढं घेतला. बोटाला चिमटा लावला, त्यात ऑक्सिजन कळतो. आकडा बघून त्यांनी कंपाउंडरला हाक मारली आणि खाली सोनोग्राफीला फोन करायला सांगितलं. ही पोटाची सोनोग्राफी नव्हती. तिला डॉपलर म्हणतात. त्यात शिरेतलं रक्त वाहतं की नाही ते दिसतं. वाहायला हवं तिथं ते थांबलेलं होतं. गुठळी होती, मांडीपर्यंत.

मॅडमनी पोटावर एक इंजेक्शन दिलं, गुठळी आणखी वाढू नये म्हणून. मग मला समजावून सांगितलं. पायातलं रक्त वर चढवायचं काम पोटरी करते. चाललं की पोटरी आवळते, रक्त वर ढकलते. माणूस पाय दुमडून बसून राहिला की हा पंप बंद. त्यात ऑपरेशन झालेलं, अंगात पाणी कमी, मग रक्त जागच्या जागी थिजतं. ती गुठळी पायात आहे तोवर पाय दुखतो. सुटून छातीत गेली तर जीव जाऊ शकतो. म्हणून चोळायचं नाही.

मला ते लगेच कळलं, कारण मी गन धुतलेल्या आहेत. गन चालू असेल तोवर रंग सुरळीत येतो. जेवायच्या सुट्टीत तशीच ठेवली की नळीत रंग घट्ट होतो. मग कुणीतरी जोरात दाब देतं, नळीतली गुठळी सुटते आणि पुढं तोंडाशी जाऊन बसते. गन बंद. गन धुता येते. माणूस धुता येत नाही.

“थोडी छातीत गेली असावी,” मॅडम म्हणाल्या. “पनवेलला मोठ्या हॉस्पिटलात पाठवते, अँब्युलन्समधून. दमाचं कळलं म्हणून बरं झालं. नाहीतर मी आजची रात्र इथंच ठेवलं असतं.”

अँब्युलन्समध्ये तिच्या नाकाला ऑक्सिजनची नळी होती. मी तिचा हात धरायला गेले तर तिने काढून घेतला. पनवेलपर्यंत ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही. मी पायाशी बसून तिची छाती वरखाली होते का तेवढं बघत होते. रागावलेली बाई जिवंत असते, अशी मनाची समजूत घालत होते.

पनवेलला छातीचा स्कॅन केला. मॅडमचा अंदाज खरा निघाला. फुप्फुसात एक तुकडा जाऊन अडकला होता. लहान होता. मोठा असता, किंवा त्याच्या मागून दुसरा गेला असता, तर ती वाचली नसती, असं तिथले डॉक्टर म्हणाले. तिला आयसीयूत ठेवलं. रोह्याहून मुलगी आली, दारातच मला बिलगून रडली. “मी तिला उठू दिलं नाय गो. मला वाटलं, आराम मिळू दे.” मी तरी तेच करत होते, फक्त पगार घेऊन.

संध्याकाळी दादा आले. मोटरसायकलवर, डोक्याला रुमाल बांधून. त्यांचा फोन सारखा वाजत होता. मूर्ती परदेशी पाठवणारा व्यापारी होता. दादांनी दोनदा कट केला. तिसऱ्यांदा उचलला आणि कॉरिडॉरमध्ये उभं राहून म्हणाले, “तयार हाय तेवढा माल घ्या. बाकीचा पुढच्या बोटीनं… नाय हो, कारण काय विचारता? माणूस आयसीयूत हाय आमचा… तुमचं बरोबर हाय, पण देव थांबंल. त्याला घाई नसते. घाई आपल्याला.” फोन ठेवल्यावर ते बाकावर माझ्या शेजारी बसले आणि डोक्याचा रुमाल सोडला. मग म्हणाले, “चंदा, तुम्ही बायका कारखान्यात पाणी का पीत नाय?” मॅडमनी फोनवर त्यांना विचारलं होतं म्हणे. मी लाजत लाजत संडासाचं सांगितलं. इतकी वर्षं कारखाना चालवून त्यांना ते कधी सुचलं नव्हतं, आणि आम्हीही कधी सांगितलं नव्हतं.

नलूताईला वॉर्डात आणलं त्या सकाळी मी खाटेशी बसले होते. नळी काढलेली होती. ती छताकडे बघत होती.

“पाणी दे गो,” ती म्हणाली.

मी फुलपात्र भरून दिलं. तिने सगळं प्यायलं. मग पुन्हा पुढं केलं. मी पुन्हा भरलं.

घरी सोडताना गोळ्या दिल्या. लोक त्यांना रक्त पातळ करायच्या गोळ्या म्हणतात. डॉक्टर म्हणाले, गुठळी शरीर हळूहळू आपणच विरघळवतं, गोळ्या नवी होऊ देत नाहीत. त्या महिनोन्‌महिने घ्यायच्या. बरं वाटलं म्हणून मनाने बंद करायच्या नाहीत. अंगदुखीची दुसरी गोळी मेडिकलमधून विचारल्याशिवाय घ्यायची नाही. हिरड्यांतून रक्त आलं, शौचाला काळी झाली, डोक्यावर पडलं, तर लगेच यायचं. हे सगळं मी पाठ केलं. माझं पाठांतर शाळेत कधी चांगलं नव्हतं.

पुढं पेणला मॅडमना दाखवायला गेलो तेव्हा त्यांनी मला विचारलं, “तुमचं कारखान्यात काम काय?”

“ताईंना मूर्ती हाताशी द्यायच्या. त्यांना उठायला लागू नये म्हणून.”

मॅडम लिहीत होत्या. पेन थांबलं. “आता द्यायच्या नाहीत,” त्या म्हणाल्या. “तासाभराने उठलंच पाहिजे. बसल्या जागीही पावलं वरखाली करायची. आणि पाय अंगाखाली घ्यायचा नाही.”

बाहेर आल्यावर नलूताई भडकली. “उठत बसले तर डोळे कसे काढू? चुलतभाऊ होतील सगळे!”

त्यावर भांडण बरंच चाललं. दादा म्हणाले, कामच सोड, पगार घरी पाठवतो. त्यावर ती आणखी भडकली. शेवटी तोडगा इक्बालभाईने काढला. त्याने टेम्पोच्या मागच्या बाजूच्या जुन्या फाळक्याची पट्टी कापून आणली, दोन खांबांवर आडवी ठोकली. त्यावर मनगट टेकलं की गुडघा वर घ्यावा लागत नाही. खाली उंच स्टूल, पाय मोकळे लोंबते. मूर्तींच्या फळ्या आता लहान केल्यात आणि शेडच्या दोन टोकांना ठेवल्यात. एक फळी झाली की तिने स्वतः चालत दुसरीकडे जायचं. मूर्ती तिच्याकडे येत नाही, ती मूर्तीकडे जाते. संडास शेडला लागून बांधला, दार आतल्या बाजूला. पिण्याच्या पाण्याचा माठ दादांनी मुद्दाम तिच्या स्टुलापासून सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात ठेवलाय. तहान लागली की चालायचं.

ती नसताना राहिलेल्या मूर्तींचे डोळे शेजारच्या कारखान्यातल्या एका आखणीवाल्याने येऊन काढले होते. आमच्याकडे अशी मदत मागायची नसते, ती येते. नलूताई पहिल्या दिवशी परत आली तेव्हा त्या मूर्तींसमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली. “चांगले हायत,” ती म्हणाली. “फक्त झोपेतनं उठवल्यासारखे बघतात.” तेव्हा आम्हाला कळलं, बाई बरी झाली.

माझा पगार तोच आहे. काम मात्र उलटं झालं. आधी मी तिला उठू देत नव्हते, आता बसू देत नाही. फळी संपली की तिला उभं करते आणि स्टूल ओढून घेते. ती म्हणते, “आली पोलीसबाय.” नवीन गिऱ्हाईक आलं की माझी ओळख करून देते, “ही चंदा. मला उठवायला ठेवलीय दादांनी.” माणसं हसतात. त्यांना गंमत वाटते. मी हसत नाही, स्टूल धरून उभी राहते.

एकच पाय सुजला, मार न लागता दुखायला लागला, गरम लागला, तर चोळू नका. डॉक्टरकडे न्या. दम लागत असेल तर तो कुणी लपवू म्हणालं तरी लपवू नका. लसणाचं तेल चांगलं असतं. त्या दिवशीचं उरलेलं मी परत आल्यावर भाजीच्या फोडणीला वापरलं.